आपले परीक्षक आपणच निवडताना

न्यायालयात उभ्या राहिलेल्या माणसाला आपला न्यायाधीश निवडता येत नाही. दहावीच्या मुलाला आपली उत्तरपत्रिका कोणी तपासावी हे ठरवता येत नाही. ती कोणाकडे गेली हे त्याला कळूही नये, अशीच व्यवस्था केलेली असते. निर्णय देणारा आणि ज्याच्याविषयी निर्णय द्यायचा तो, या दोघांत अंतर असावे, हे तत्त्व आपण इतके गृहीत धरले आहे की त्याविषयी कोणी बोलतही नाही. आणि तरीही विद्येच्या क्षेत्रातील जी सर्वांत वरची पदवी, तिच्या बाबतीत हे तत्त्व पुष्कळ ठिकाणी जाणूनबुजून बाजूला ठेवलेले आढळते. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत पीएच.डी. करणारा विद्यार्थी आपला मार्गदर्शक स्वतः शोधतो आणि त्याच्याशी विचारविनिमय करून बहुधा तीन ते पाच प्राध्यापकांची एक समिती जमवतो. ही समिती त्याच्या संशोधनाचा आराखडा मंजूर करते, मधूनमधून बोलावून प्रगती विचारते, आणि अखेरीस प्रबंधाला मान्यता देऊन त्याला डॉक्टर म्हणायचे की नाही हे ठरवते.

आपल्या धर्मग्रामांतून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारी मुले आता नवलाईची राहिलेली नाहीत. निघण्यापूर्वी घरातली वडीलधारी माणसे त्यांना पुष्कळ प्रश्न विचारतात. शिष्यवृत्ती किती, थंडी किती, राहत्या जागेजवळ चर्च आहे का, आपल्यासारखा तांदूळ मिळतो का. तुझा मार्गदर्शक कोण असणार आणि त्यालाच का निवडणार, हा प्रश्न क्वचित येतो. आला तरी ‘मोठा माणूस आहे ना?’ एवढ्यावर मिटतो. वस्तुतः पुढील पाच-सहा वर्षांचे सुखदुःख थंडीपेक्षा याच उत्तरावर अधिक अवलंबून असते. परंतु मला या लेखात केवळ सोयीचा विचार करायचा नाही. स्वतःचे परीक्षक स्वतः निवडण्याचा अधिकार ज्याला मिळाला आहे, त्याने ते कशाच्या आधारे निवडावेत, हा माझ्या दृष्टीने सदसद्विवेकाचा प्रश्न आहे.

मार्गदर्शक हा पदवीहूनही जुना. १२१५ साली पोपचे प्रतिनिधी रॉबेर द कूर्सों यांनी पॅरिसच्या विद्यापीठासाठी जे नियम घालून दिले, त्यांत ज्याचा कोणी निश्चित गुरू नाही त्याला पॅरिसमध्ये विद्यार्थी समजू नये, असे एक कलम आहे. विद्यापीठात नाव नोंदवणे म्हणजे एका विशिष्ट माणसाच्या छत्राखाली जाणे, असा त्याचा अर्थ. त्याच विद्यापीठात चाळीसएक वर्षांनंतर संत थॉमस अक्वायनस यांनी ‘एक माणूस दुसऱ्या माणसाला शिकवू शकतो काय?’ असा प्रश्न चर्चेला घेतला आणि वैद्याचा दृष्टान्त दिला. वैद्य रोग्याच्या शरीरात आरोग्य ओतत नाही. बरे होण्याची शक्ती शरीरात असतेच, वैद्य तिला हात देतो. तसेच शिष्याच्या बुद्धीत जो प्रकाश मुळातच आहे त्याला गुरू साहाय्य करतो, आणि शिष्य स्वतःच्या बळावर ज्या वाटेने गेला असता त्याच वाटेने त्याला नेतो. डॉक्टर या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ शिकवणारा असा आहे, आणि आज तो आपण वैद्यालाच लावतो, ही गंमत या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा मार्गदर्शक मदतनीस आहे. पण तो तेवढाच नाही. विशेषतः विज्ञानशाखांत विद्यार्थ्याचे दरमहाचे वेतन पुष्कळदा मार्गदर्शकाला मिळालेल्या संशोधन-अनुदानातून येते. म्हणजे शिकवणारा तोच, पगार देणारा तोच, आणि अखेर निकाल देणाऱ्यांत अग्रभागी तोच. पदवीनंतर नोकरीसाठी जे शिफारसपत्र लागते तेही त्याचेच. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याचे तर देशात राहणेसुद्धा विद्यापीठातील प्रवेश टिकून राहण्यावर अवलंबून. जर्मन लोक अशा मार्गदर्शकाला ‘डॉक्टोरफाटर’ म्हणतात, म्हणजे डॉक्टरेटचा पिता; स्त्री असेल तर ‘डॉक्टोरमुटर’, माता. शब्द प्रेमळ आहे. पण पित्याची माया आंधळी असू शकते, आणि पित्याचा जाच घराच्या भिंतींबाहेर कळत नाही, हे आपण सगळेच जाणतो. एका माणसाच्या हाती इतके सारे एकवटू नये, म्हणून समिती हवी. तिच्यात बहुधा एखादी व्यक्ती दुसऱ्या विभागातली असावी असा नियम करतात तोही याचसाठी; शेजाऱ्याचे येणेजाणे असलेल्या घरात आवाज जरा बेताने चढतो.

आता ही समिती जमवताना माणसाचा स्वभाव काय करतो ते पाहा. जे हसून बोलतात, ज्यांचे एकमेकांशी वाकडे नाही, जे तारखा लवकर देतात आणि प्रकरणे परत पाठवीत नाहीत, त्यांच्याकडे पावले आपोआप वळतात. यात काहीच गैर नाही असे नव्हे, आणि सर्वच गैर आहे असेही नव्हे. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन प्राध्यापक एकाच समितीत घेणे हा शुद्ध वेडेपणा. दोन बैलांच्या झुंजीत कुंपणाचा चुराडा व्हावा तसा विद्यार्थ्याचा होतो. वेळ न देणारा थोर माणूसही काही कामाचा नाही. ज्याच्याकडे वीस विद्यार्थी आहेत आणि जो वर्षातला निम्मा काळ परिषदांसाठी विमानात असतो, त्याच्या नावाचा उपयोग अर्जावर होतो, प्रबंधात होत नाही. उलट नुकताच नेमणूक झालेला तरुण प्राध्यापक प्रत्येक पान वाचतो; पण त्याची स्वतःची नोकरी अजून कायम झालेली नसते, आणि ती झाली नाही तर विद्यार्थी मध्येच पोरका होतो. असे हिशेब करावेच लागतात. विज्ञानाच्या अनेक विभागांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून पाहण्याची सोय असते, ती या पारखीसाठीच.

माझी एक भाची काही वर्षांपूर्वी वनस्पतींच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी अमेरिकेत गेली. घर बागायतदाराचे, पानावरचा डाग पाहून रोग ओळखणाऱ्या आजोबांच्या हाताखाली ती वाढली होती. तिथे तिला मार्गदर्शक चांगले मिळाले, समितीतली दोन नावेही सहज ठरली. चौथ्या जागेपाशी गाडी अडली. एका रविवारी तिचा फोन आला.

“मामा, दोन नावं आहेत. एक सर सगळ्यांना पास करतात. दुसऱ्या बाई संख्याशास्त्राच्या आहेत, त्या कुणालाच सोडत नाहीत. तुम्ही काय म्हणता?”

मी विचारले, “तुझ्या कामातला कोणता भाग तुला स्वतःलाच नीटसा कळलेला नाही?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आकडे.”

तिने बाईंना विचारले आणि त्या तयार झाल्या. दीड वर्षाने तिने आपले मुख्य प्रकरण समितीपुढे ठेवले. चार वाफे, प्रत्येकात साठ रोपे. दोन वाफ्यांना एक औषध दिलेले, दोन तसेच ठेवलेले. औषध दिलेल्या रोपांत रोग स्पष्टपणे कमी दिसत होता आणि दोनशे चाळीस रोपांच्या आधारावर निष्कर्ष काढलेला होता. बाईंनी एकच प्रश्न केला: हे दोनशे चाळीस पुरावे आहेत की चार? एका वाफ्यातली साठ रोपे एकाच मातीत, एकाच ओलीत, एकमेकांना खेटून वाढलेली. वाफ्यात पाणी साचले तर साठही रोपांना ते सारखेच बाधणार. औषध रोपागणिक नव्हे, वाफ्यागणिक दिलेले; तेव्हा मोजायचे ते वाफे. आणि दोनाविरुद्ध दोन वाफ्यांवरून कोणताही निष्कर्ष काढणे धाडसाचे. शेती केलेल्या कोणालाही ही गोष्ट पटेल. एका कोपऱ्यातल्या वाफ्याला लागूनच्या नारळाची सावली पडते एवढ्यानेही पीक बदलते, हे तिच्या आजोबांनी विनापदवी सांगितले असते. समितीतल्या उरलेल्या तिघांच्या मात्र ते नजरेतून सुटले होते.

पुढच्या हंगामात सगळे पुन्हा करावे लागले. बारा वाफे, कोणत्या वाफ्याला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले. त्यांची मांडणी बाईंनी स्वतः तिच्याबरोबर बसून आखून दिली. एक वर्ष गेले. त्या वर्षात माझी आई, म्हणजे तिची आजी, वारली; नातीच्या नावामागे डॉक्टर लागलेले पाहण्याची तिची फार इच्छा होती. माझी बहीण अजूनही म्हणते, “पास करणारा माणूस समोर होता. हिने सुखासुखी आग्यामोहोळ अंगावर ओढून घेतलं.” बहिणीचा राग मला कळतो. आईची ती इच्छा पुरी झाली नाही आणि ती कशानेही भरून येणार नाही. पहिल्या मांडणीच्या जोरावर त्याच भाचीला पदवी बहुधा मिळालीही असती.

तरीही तिची निवड योग्य होती असे मी म्हणतो, आणि कारण सांगतो. दुसऱ्या खेपेला औषधाचा गुण दिसला, पण पहिल्या खेपेच्या मानाने फारच थोडा. पहिला निष्कर्ष तसाच छापून आला असता तर त्याचा परिणाम कोणावर झाला असता? समितीतल्या चौघांवर नाही, भाचीवरही नाही. तो वाचून कोणीतरी सल्ला दिला असता, तो सल्ला ऐकून कुठल्यातरी शेतकऱ्याने उसने पैसे काढून ते औषध आणले असते. तो शेतकरी कोणत्याही समितीत नसतो. त्याला विभागाच्या दालनात बोलावीत नाहीत, त्याची सही लागत नाही. कठोर परीक्षक त्या खोलीत बसलेला असतो तो अशा गैरहजर माणसांच्या वतीने. साहित्याच्या वा इतिहासाच्या प्रबंधातही असा गैरहजर माणूस असतो: ज्यांच्याविषयी लिहिले ते मृत, आणि जे पुढे विश्वासाने वाचतील ते अजून न जन्मलेले. समिती निवडताना या माणसांसाठी एक जागा ठेवली काय, एवढाच माझा प्रश्न आहे. ती ठेवली असेल तर स्वतःचे परीक्षक स्वतः निवडण्यात अनीती नाही.

कठोरपणा हा मात्र स्वतः काही सद्गुण नव्हे. काही परीक्षक प्रकरण परत पाठवतात, कारण परत पाठवण्यात त्यांना आपले मोठेपण दिसते. दोघांतला फरक ओळखणे अवघड नाही. एकाने दाखवलेला दोष दुरुस्त करण्याची वाट असते. दुसऱ्याच्या शेऱ्यातून माणूस फक्त लहान होऊन बाहेर पडतो. बाईंनी वाफे आखून दिले, हे मी म्हणूनच सांगितले.

मार्गदर्शकाची कसोटी मला याहून कठीण वाटते. शिष्याने आपल्या मताविरुद्ध काही सिद्ध केले तर तो काय करतो? डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थतज्ज्ञ एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली होते. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. पदवीसाठी लिहिलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला. त्याला कॅनन यांनी प्रास्ताविक लिहिले आणि त्यातच, आपल्याला आंबेडकरांच्या टीकेतील बरेच काही मान्य नाही, हे स्वच्छ सांगून टाकले. त्याचबरोबर त्यांच्या विचारांतील आणि युक्तिवादांतील ताजेपणाची दखलही घेतली. शिष्याच्या पहिल्या पानांत गुरूने आपला मतभेद नोंदवावा आणि शिष्याने तो आनंदाने छापावा, याहून चांगले नाते मला सांगता येणार नाही. दोघांनाही एकमेकांची भीती नव्हती. शिवाय आंबेडकर एकाच गुरूवर विसंबले नव्हते. कोलंबिया विद्यापीठात प्रा. एडविन सेलिगमन यांचा त्यांच्यावर लोभ होता, आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांच्या १९२५ च्या ग्रंथाला सेलिगमन यांचे प्रास्ताविक आहे.

दुसरे उदाहरण इतके सुखद नाही. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे तेथील मानववंशशास्त्राच्या कायझर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवण दोन्ही बाजूंना सारखी नसते आणि तिचा त्यांच्या वरचढ बुद्धीशी संबंध आहे, अशी त्यांची धारणा. ते तपासण्यासाठी कवट्या मोजण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी मोजल्या आणि लिहिले की या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात एकटी असलेली हिंदी स्त्री, समोर आपल्या क्षेत्रातला बलाढ्य माणूस, आणि त्याच्याच प्रमेयाला नकार. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्रात म्हटले आहे की त्यांना उत्तीर्णांतली सर्वांत खालची श्रेणी मिळाली. फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला विद्वत्तेचा टेकू देणाऱ्यांत होते. हे उदाहरण माझ्या मनात अनेकदा घोळते, कारण ते कोणत्याही सरळ विधानात बसत नाही. वाईट मार्गदर्शकाकडेही खरे काम झाले, आणि अशा माणसालाही मोजमापांपुढे पदवी नाकारता आली नाही. पण ते झाले ते इरावतीबाईंच्या कण्यामुळे. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला तसा कणा असेल असे धरून व्यवस्था उभारता येत नाही.

मार्गदर्शक विद्वान हवा की चांगला, असा प्रश्न पुढे आला की मला आविलाच्या संत तेरेजाची आठवण होते. तिने आपल्या आत्मचरित्रात तक्रार केली आहे की अर्धवट शिकलेल्या पापनिवेदकांनी आपल्या आत्म्याचे नुकसान केले. जे पाप होते ते त्यांना पाप वाटले नाही. ते दुष्ट होते असे ती म्हणत नाही. ते सज्जन होते, पण त्यांना पुरेसे ठाऊक नव्हते. पुढे तिने आपला अनुभव एकाच्या नव्हे तर अनेकांच्या कसोटीला लावला: येशूसंघाचे बाल्तासार आल्वारेझ, डॉमिनिकन दोमिंगो बान्येझ, फ्रान्सिस्कन पेद्रो दे आल्कांतारा. प्रत्येकाची शिस्त निराळी, स्वभाव निराळा. पापनिवेदक आणि प्रबंधाचा परीक्षक यांची तुलना फार ताणू नये हे खरे. एक क्षमा देतो, दुसऱ्याला क्षमा करण्याचा अधिकारच नाही. परंतु मायाळू अज्ञान मायाळू असल्यामुळेच अधिक काळ टिकते, हे तिने नेमके हेरले होते. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी या बाईला धर्मपंडित म्हणून घोषित केले. विद्यापीठाचे दार तिच्या काळी स्त्रियांना बंद होते.

आपल्याकडे हा प्रश्न काहीशा वेगळ्या रूपात येतो. भारतीय विद्यापीठांत विद्यार्थ्याला समिती सहसा जमवता येत नाही. ती नेमली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती असते, दर सत्रात तिच्यापुढे उभे राहून कामाचा हिशेब द्यावा लागतो, आणि प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. प्राध्यापकाने एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाने चार विद्यार्थी घ्यावेत, अशी मर्यादाही आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्याने नवा विद्यार्थी घेऊ नये, असेही त्यात आहे. नियम चांगले आहेत. पण ज्या विभागात मार्गदर्शकाची भाजी आणणे, त्याच्या मुलांची शिकवणी घेणे आणि त्याने न केलेल्या कामावर त्याचे नाव घालणे ही गुरुदक्षिणा समजली जाते, तिथे नेमलेली समितीही मार्गदर्शकाचेच तोंड पाहते. गुरुभक्ती ही आपली थोर परंपरा आहे, याबद्दल दुमत नाही. पण तिचा आधार घेऊन फुकटची चाकरी करवून घेणाऱ्याला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार नसावा. आणि आईवडील हे ऐकून ‘सोसून घे, दोन वर्षांचाच प्रश्न आहे’ असे म्हणतात, तेव्हा तेही त्या समितीत जाऊन बसलेले असतात.

मार्गदर्शक बदलण्याची वाट बहुतेक विद्यापीठांत असते, कागदोपत्री तरी. तिचा वापर करणे आपल्या घरांत काडीमोडासारखे वाटते. मुलाचे भांडण झाले, मुलीचे कोणाशी पटत नाही, अशी कुजबुज होते. म्हणून निवड करण्याआधीच चौकशी केलेली बरी, आणि ती मोठ्या लोकांकडे करून उपयोग नाही. मार्गदर्शकाच्या खोलीबाहेर त्याच्या डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे लावलेली असतात, त्यांचे प्रबंध ग्रंथालयात मिळतात. ज्यांनी त्याच्याकडचे काम अर्ध्यावर सोडले त्यांची नावे मात्र कुठे लिहिलेली नसतात. ती विचारून घ्यावी लागतात, आणि प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या विद्यार्थ्याला ती बहुधा पाठ असतात.